मुकुटावरून काळ ठरवताना

मातीत सापडलेल्या जुन्या ब्रिटिश लष्करी गणवेशाच्या बटणावर मुकुट दिसला की ‘मुकुट आहे म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं बटण’ असं म्हटलं जातं; हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. ब्रिटिश बटणांवर मुकुट पुढेही राहिला, फक्त त्याचा आकार बदलला. मुकुटाच्या कमानी (वरचे वाकलेले पट्टे) सलग गोलाकार वर गेल्या असतील तर तो ट्यूडर मुकुट, साधारण १९०१ ते १९५२. मध्यभागी दबलेल्या असतील तर दुसऱ्या एलिझाबेथचा काळ असू शकतो. पण व्हिक्टोरियाच्या वेळचा मुकुटही काहीसा तसाच दिसतो, म्हणून नुसत्या दर्शनी बाजूवर विसंबू नका.

बटण उलटं करा. बनवणाऱ्याचं नाव आणि शहर बऱ्याचदा तिथे उमटवलेलं असतं, आणि कंपनीचं नाव वा पत्ता कधी बदलला यावरून काळ बराच नेमका कळतो. सोनेरी पण हाताला फारच हलकं लागलं, तर ते अ‍ॅल्युमिनियमचं, १९५० नंतरचं.

पायदळाच्या पलटणीचा आकडा असेल तर फारच छान! १८७१ मध्ये साध्या शिपायांच्या बटणांवरचे आकडे जाऊन राजचिन्ह आलं. अधिकाऱ्यांची बटणं मात्र वेगळीच राहिली.

आणि कृपा करून पितळेच्या पॉलिशने घासू नका, उरलासुरला मुलामा कायमचा जातो. मऊ कोरड्या ब्रशने माती झटका आणि तिरप्या उजेडात मागच्या बाजूचा फोटो टाका.