लॅबच्या स्कॅनवरच थांबायचं असेल तर फिल्म कशाला?

पेठेतला फोकस (धागाकर्ता)

मुद्दा सरळच मांडतो. रंगीत फिल्म वापरणाऱ्या बहुतेकांचा आजचा क्रम असा: निकॉन एफएम१० किंवा एफएम२ अशा फिल्म कॅमेऱ्यात रोल भरायचा, संपला की लॅबमध्ये धुवायला (डेव्हलप करायला) टाकायचा, स्कॅनची लिंक आली की फोनवर बघायची. निगेटिव्ह पाकिटातच पडून. म्हणजे हातात येतं ते जेपेगच. याला मी फिल्म म्हणत नाही. हे डिजिटलच आहे, फक्त महाग आणि हलक्या प्रतीचं.

हिशोब करा. रोलचे १२०० आणि धुलाई-स्कॅनचे ७०० धरा. १९०० भागिले ३६, म्हणजे एका फ्रेमला जवळपास ५३ रुपये. महिन्याला दोन रोल गेले तर वर्षाला ४५,६००. तेवढ्यात निकॉनच्या डिजिटल डी७२००ची वापरलेली बॉडी येते. बरं, एवढे मोजून मिळतं काय? साधं स्कॅन १८०० बाय १२०० पिक्सेलचं असतं. ३०० डीपीआयने त्यातून ६ बाय ४ इंचांची प्रिंट निघते, बस. डी७२००चे २४ मेगापिक्सेल त्याच हिशोबाने २० बाय १३ इंचांपर्यंत जातात.

माझं मत: ज्याला स्वतः धुवायचं नाही, प्रिंटही काढायची नाही आणि महिन्याला एकापेक्षा जास्त रोल लागतो, त्याने डिजिटलवर जावं. कृष्णधवल घरी धुणाऱ्यांबद्दल हे नाही.

हायपो

असहमत. दोष स्कॅनचा आणि शिक्षा फिल्मला? ३५ एमएमची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर. २४०० डीपीआयला पावणेआठ मेगापिक्सेल होतात, ४००० डीपीआयला २१. लॅबला जेपेगऐवजी १६ बिट टिफ (तपशील न दाबणारी फाइल) मागा, ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. पैसे जास्त पडतील, पण मग तुलना बरोबरीची होईल.

आणि उजेडाचं काय? भर उन्हात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घ्या, खाली सावलीत माणसं उभी. रंगीत निगेटिव्हला सावलीवर मीटर करून (उजेड मोजून) दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) जास्त दिले तरी आकाशात तपशील राहतो. डिजिटलला तेच केलंत तर आकाश पांढरंफटक, आणि ते कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही.

पेठेतला फोकस

पण डिजिटलला तसं करायचंच नसतं ना. तिथे उलट चालायचं: आकाश वाचेल इतपत कमी एक्स्पोजर द्या, १४ बिट रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या आणि सावली नंतर उचला. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००ला आजचा सेन्सर सावलीतले तीन स्टॉप सहज देतो. फिल्मवरून आलेले लोक जुन्या सवयीने जास्त उजेड देतात, मग "डिजिटलला आकाश जळतं" म्हणून ओरडतात.

निगेटिव्ह विचार

हायपो यांच्याशी अर्धा सहमत. स्कॅनच्या आधी धुलाई बघा. सी-४१च्या (रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या पद्धतीच्या) डेव्हलपरला ३८ अंश आणि सव्वातीन मिनिटं लागतात, त्यात अर्धा अंश इकडेतिकडे चालत नाही. मशिनमध्ये रोजचे रोल जात असतील तर रसायन ताजं राहतं. आठवड्याला चारच रोल जात असतील तर डेव्हलपर हवेने मरतो, सावल्या एका रंगाकडे झुकतात आणि उजळ भाग दुसऱ्याच. हा तिढा स्कॅनमध्ये सुटत नाही, एक बाजू दुरुस्त केली की दुसरी बिघडते. म्हणून लॅबला भाव विचारण्याआधी आठवड्याला किती रोल धुता ते विचारा. कंट्रोल स्ट्रिप (रसायन तपासायची नमुना पट्टी) चालवता का, हेही विचारा. समोरच्याला प्रश्नच कळला नाही तर रोल खिशात ठेवून परत या.

स्कॅन मात्र घरी करावं. १:१ मॅक्रो लेन्स, ९५च्या वर सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक) असलेलं लाइट पॅनेल, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, निगेटिव्ह आणि सेन्सर एकमेकांना अगदी समांतर. समांतर आहे का हे तपासायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा: लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मधोमध दिसलं पाहिजे.

पेठेतला फोकस

आणि हे सगळं कशाने टिपायचं? डिजिटल कॅमेऱ्याने! म्हणजे घ्यायचा ठरलाच की. 🙂

उजेडवाली

घ्यायचाच असेल तर बॉडी बघून घ्या, नाहीतर जुन्या लेन्सा शोकेसमध्ये जातील. निकॉनच्या एआय आणि एआय-एस (जुन्या, हाताने फोकस करायच्या) लेन्सा डी३००० किंवा डी५००० मालिकेवर बसतात, पण मीटर चालत नाही. डी७०००, डी७१००, डी७२००, डी६१०, डी७५० यांच्यावर चालतं, कारण माउंटच्या कडेला अ‍ॅपर्चर रिंगची जागा ओळखणारी टोचणी आहे. मेन्यूत 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा'मध्ये फोकल लेंग्थ आणि मोठ्यात मोठं अ‍ॅपर्चर भरलं की झालं. डी७५००मध्ये ती टोचणी काढून टाकली आहे. नंबर मोठा म्हणून ती घेऊन फसू नका. आणि १९७७च्या आधीच्या, रिंग न कापलेल्या नॉन-एआय लेन्सा या बॉड्यांवर जबरदस्तीने चढवू नका, टोचणी मोडते.

कॅनन एफडीवाल्यांनी (कॅननच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सा) डीएसएलआरचा नादच सोडावा. एफडीचं माउंट ते फिल्म अंतर ४२ मिलिमीटर, कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ माउंटचं ४४. मध्ये काच घातल्याशिवाय अनंतावर फोकस होत नाही आणि ती काच चित्र बिघडवते. मिररलेसला (आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला) हे अंतर फार कमी असतं, सोनी ई १८, निकॉन झेड १६. तिथे साधा पोकळ अ‍ॅडॉप्टर पुरतो.

क्रॉपही धरा, म्हणजे सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान असल्याने कडा कापल्या जातात. डी७२००वर ५० एमएम ७५ सारखी वागते, २८ एमएम ४२ सारखी. अरुंद बोळात वाडा टिपणाऱ्याची वाइड लेन्स गेलीच म्हणून समजा. त्यांनी थोडे जास्त घालून फिल्मएवढ्या सेन्सरची डी६१० घ्यावी.

हायपो

बॉडी, लेन्स, कार्ड, बॅकअपच्या दोन हार्ड डिस्क. धागाकर्त्यांच्या ४५,६००मध्ये बसवून दाखवा. निगेटिव्हला बॅकअप लागत नाही.

खडकमाळ

निगेटिव्ह अमर आहे हे निदान पुण्यात बसून तरी म्हणू नका, साहेब. जानेवारी २००३मध्ये आग लागून राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाचा नायट्रेट (जुन्या, ज्वालाग्राही बेसच्या फिल्मचा) साठा जळाला, तो याच शहरात. डिस्कच्या दोन प्रती दोन घरांत ठेवता येतात. निगेटिव्ह एकच.

हायपो

नायट्रेट पेट घेतं म्हणून तर कोडॅकने १९५१च्या सुमारास ते बंद केलं. आपल्या रोलचा बेस अ‍ॅसिटेटचा. तो भडकत नाही.

खडकमाळ

भडकत नाही, आंबतो. दमट हवेत अ‍ॅसिटेटला व्हिनेगरचा वास सुटतो, फिल्म आकसते आणि वेडीवाकडी होते. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, पॉलिप्रॉपिलीनच्या वापरा. पावसाळ्याचे चार महिने हवाबंद डब्यात सिलिका जेल, आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास. लेन्सांनाही तेच, नाहीतर बुरशी. म्हणजे जपणूक दोन्हीकडे आहे.

टाकीवाले

कृष्णधवलला धागाकर्त्यांनी सूट दिली खरी, पण ती पुण्याच्या नळाला माहीत नाही. एचपी५ प्लस (इलफर्डची कृष्णधवल फिल्म), आयडी-११ (तिचा डेव्हलपर) स्टॉक, म्हणजे पाणी न मिसळलेला, २० अंशांना साडेसात मिनिटं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या पुढे. तक्त्यातून वेळ कमी करत गेलात तर पाच मिनिटांच्या खाली येता आणि डेव्हलपमेंट पट्ट्यापट्ट्यांची होते. त्यापेक्षा टबात बर्फाच्या पिशव्या टाकून डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर आणि धुण्याचं पाणी सगळंच २२ ते २४ला आणा. नुसता डेव्हलपर थंड आणि नळाचं पाणी गरम असेल तर जिलेटिनला सुरकुत्या पडायचा धोका. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने शेवटचं धुऊ नका, पांढरे डाग राहतात. शेवटची मिनिटभर डुबकी डिस्टिल्ड पाण्यात, वेटिंग एजंट (थेंब न साचू देणारं द्रावण) २००त १ भाग.

खर्चाचं म्हणाल तर एका लिटर स्टॉकमध्ये दर रोलमागे दहा टक्के वेळ वाढवत दहा रोल धुता येतात. आधीचा हिशोब इथे लागूच होत नाही.

उजेडवाली

अवांतर: विसर्जन मिरवणुकीचा विचार कुणीच केला नाही. रात्री लक्ष्मी रोडवर एफ २ला १/१२५ हवा असेल तर आयएसओ ३२०० लागतो. एचपी५ १६००पर्यंत ढकलली (जास्त आयएसओ धरून काढून धुण्याची वेळ वाढवली), म्हणजे आयडी-११मध्ये १४ मिनिटं, तरी १/६०च मिळतो आणि ढोल बडवणारे हात हलतात. शिवाय काळ्या सावल्या कोऱ्याच. इथे वादाला जागाच नाही, डिजिटल.

हायपो

मान्य. पण गुलालात लेन्स बदललीत की सेन्सर गेला.

निगेटिव्ह विचार

आणि रोलच्या डबीच्या फटीत तोच कण बसला तर ३६ फ्रेमवर एक सरळ ओरखडा. दोघांनीही त्या दिवशी एकच लेन्स लावून निघावं.

पेठेतला फोकस

वापरलेली बॉडी घेणाऱ्यांसाठी शेवटचं. डी७२००चं शटर दीड लाखांपर्यंत तपासलेलं असतं, तेव्हा आकडा एक लाखाच्या पुढे असेल तर भाव पाडून मागा. एफ १६ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढून शंभर टक्के मोठा करा, सेन्सरवरचे डाग दिसतील. फुंकणीने गेले तर धूळ, नाही गेले तर तेल किंवा चिकटलेली धूळ. आणि एफएम२ विकू नका. मिळणाऱ्या पैशात काही फार येत नाही आणि टाकीवाल्यांचा बर्फ स्वस्त आहे.