पांबनचा जुना पूल भंगारात घालायचा म्हणे?

पेठकरी: काल इथं एकानं लिहिलं, "रामेश्वरचा नवा पूल झाला, आता जुना गंजका सांगाडा भंगारात घाला." रात्रभर डोक्यातून जाईना. सांगाडा? 1914 च्या फेब्रुवारीत सुरू झालेला, दोन किलोमीटरहून लांब, भर समुद्रातला रेल्वेपूल तो. 1988 ला मोटारींचा पूल होईपर्यंत बेटावर जायची दुसरी वाटच नव्हती, नाहीतर नाव. मधला उघडझाप होणारा भाग, शेर्झर गाळा, माणसं हातानं दांडे फिरवून उघडायची, दोन्ही पाती उचलली की जहाज जायचं. माझी आजी काशीची गंगा घेऊन ह्याच पुलावरून रामेश्वरला गेली. पूल लागला तसं डब्यातल्या सगळ्या बायकांनी हात जोडले, असं सांगायची.

टॉवेलवाला: तो मीच. आजीबद्दल आदर आहे, पण पूल तिच्यासाठी बांधला नव्हता. बेटाच्या टोकाच्या धनुष्कोडीहून बोटीनं तलाईमन्नार, पुढं कोलंबो, असा गोऱ्यांचा सिलोनचा व्यवहार होता. डिसेंबर 2022 ला गाड्या बंद झाल्या त्या पूल थकला म्हणूनच. खाऱ्या वाऱ्यात रंगवायचा खर्च कोण देणार? इथं मागाची वीज परवडत नाही.

कुर्डुवाडीकर: असंच बोलून आपली बार्शी लाइट रेल्वे घालवली! 1897 ची, कॅलथ्रॉप साहेबाची, अडीच फुटी रुळांची. पुढं पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. वारीला टपावर बसून माणसं जायची. तसला एक डबा पोरांना दाखवावा म्हटलं तर मला आजवर सापडला नाही.

टॉवेलवाला: पांबनमध्ये बार्शी लाइट कुठून आली? ब्रॉडगेज नको होतं का? लातूरचा माल कुर्डुवाडीला उतरवायचा, मोठ्या गाडीत परत भरायचा. हमाली दोनदा. माझ्या चुलत्याची तुरीची पोती त्या फलाटावर पावसात भिजली, वर्ष बुडालं त्यांचं.

कुर्डुवाडीकर: त्याच हमालीवर आमचं घर चाललं. वडील त्याच फलाटावर पोती वाहायचे. तुम्हाला भिजलेली तूर तेवढी दिसती, वाहणारी पाठ दिसत नाही.

होटगी रोड: जरा थांबा ओ दोघं. रेल्वेत जन्म गेला माझा, म्हणून सांगतो. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री वादळानं धनुष्कोडीची पॅसेंजर माणसांसकट नेली. पुलाचे 126 गर्डर समुद्रात गेले, शेर्झर गाळा मात्र जागेवर राहिला. रेल्वेचे इंजिनिअर श्रीधरन यांनी 46 दिवसांत पूल पुन्हा चालू केला, पडलेले गर्डर शोधून परत बसवले. त्याला भंगार म्हणवत नाही. पण पेठकरी, गंजलेला गर्डर उद्या बोटीवर पडला तर? रूळ तपासायला हातोडी घेऊन चाललेल्या माणसाला विचारा.

पेठकरी: बरं, अख्खा पूल नको. शेर्झर गाळा तरी काठावर आणून उभा करा, पाती हलती ठेवून. हलली नाहीत तर लोकांना काय कळणार?

टॉवेलवाला: गाळा ठेवा. बाकीचं लोखंड विकाच, तिथं मी हटत नाही. आणि कुर्डुवाडीकर, वडिलांचं माहीत नव्हतं.

कुर्डुवाडीकर: आता झालं ना माहीत. डब्याचं कुणी सांगणार आहे का?