मदत हवी आहे: चाइशीची लढाई सोंगांनी नक्की कशामुळे जिंकली?

नमस्कार मंडळी, जुर्चेन (चीनच्या ईशान्येकडचे, जिन घराणं स्थापन करणारे लोक) आणि सोंग घराण्याचा चीन यांच्या संघर्षाबद्दल वाचतोय, एका ठिकाणी घोडं अडलंय. 1127 मध्ये जुर्चेनांनी सोंगांची राजधानी काइफंग घेतली, सोंग सम्राट हुइझोंग आणि चिनझोंग या दोघा बापलेकांना धरून उत्तरेला नेलं. 1129-30 मध्ये तर सेनापती वूझू यांगत्से ओलांडून थेट दक्षिणेत घुसला. म्हणजे नदी पार करणं त्यांना अगदीच अशक्य नव्हतं.

मग 1161 मध्ये यांगत्सेकाठच्या चाइशीला नदी ओलांडताना जुर्चेनांचं काय बिनसलं? समोर सोंगांचा यू युनवेन, मूळचा मुलकी अधिकारी, तोही सैन्याला बक्षिसं वाटायला आलेला! सोंगांकडे पायाने चाकं फिरवून चालणाऱ्या नावा होत्या, चुना आणि गंधक भरलेले स्फोटक गोळेही होते. चुन्याची भुकटी उडाली की समोरच्याला डोळे उघडता येत नसत. पण निकाल यामुळेच लागला की घाईत बांधलेल्या जुर्चेन नावाच कुचकामी होत्या? त्यानंतर लगेच जुर्चेन सम्राट वानयान लियांगला त्याच्याच अधिकाऱ्यांनी मारलं, म्हणजे आतून आधीच कुरबुर असणार, असं मला वाटतं.

या चाकाच्या नावांची रचना कुणी नीट समजावेल का? मराठी किंवा हिंदीत काही वाचायला असेल तर तेही सुचवा. इंग्रजीही चालेल, फक्त फार किचकट नको.