पहिलं पिस्तूल: नऊ एमएम, .२२ की एअर?

डावखुरी:

नमस्कार मंडळी. प्रश्न जुनाच असणार, पण जुन्या धाग्यांत माझ्यासारखं कोणी सापडलं नाही, म्हणून नवा काढतेय.

दोन महिने झाले रेंजवर जातेय. वय एक्केचाळीस, डावखुरी, हाताचा पंजा लहान. स्पर्धाबिर्धा डोक्यात नाही. आठवड्यातून दोनदा तास-दीड तास कागदावर भोकं पाडायची आणि डोकं रिकामं करून घरी यायचं, एवढंच. आतापर्यंत रेंजचीच पिस्तुलं वापरली. आता स्वतःचं घ्यावं असं वाटतंय. परवान्याची माहिती काढून झालीय, कागदपत्रं तयार आहेत, त्यामुळे त्यावर नको, पिस्तुलावर बोला.

हवेच्या दाबावर चालणारं एअर पिस्तूल मारून पाहिलं. बरं वाटलं, पण जरा मुळमुळीत. छोट्या काडतुसाचं .२२ ठीक. मोठ्या काडतुसाचं नऊ एमएम मात्र मनात बसलंय. (पहिल्यांदा हातात घेतलं आणि पहिलीच गोळी दहात, म्हणजे अगदी मधल्या वर्तुळात! त्यानंतर चाळीसेक मारल्या, एकही दहात नाही, सगळ्या खाली उजवीकडे. बहुतेक त्या पिस्तुलाची नेम धरायची साइट हललेली असावी.) त्या एका दहामुळे वाटतंय की हे पिस्तूल माझं आहे. घेऊ का?

ठोकमठोक:

बिनधास्त घ्या. मी पहिलंच नऊ एमएम घेतलं, पस्तावलो नाही. .२२ घेतलं की सहा महिन्यांत कंटाळा येतो आणि मग परत मोठं घ्यावंच लागतं. एअर म्हणजे तर जत्रेतले फुगे. साइटचं म्हणाल तर नवीन पिस्तुलाला तो प्रश्न येणार नाही. मागची साइट थोडी डावीकडे सरकवली की झालं.

काळ्याखाली:

ताई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय.

साइट हललेली असती तर पहिली गोळीही तिकडेच गेली असती. ती दहात गेली, कारण पुढे काय होणार हे तेव्हा हाताला ठाऊक नव्हतं. मग आवाज झाला, पिस्तूल उडालं आणि हात शहाणा झाला. आता गोळी सुटायच्या आधीच तो धक्का अडवायला पिस्तूल खाली दाबतो. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या अशा वेळी खाली डावीकडे जमतात, डावखुऱ्याच्या खाली उजवीकडे. साइट सरकवून हे झाकता येतं. पण ज्या दिवशी एखादी गोळी नीट सुटेल, त्या दिवशी ती वर डावीकडे जाईल आणि तुम्ही पुन्हा साइटला दोष द्याल.

माझा शब्द घेऊ नका, करून बघा. मॅगझिन कोचला भरायला सांगा, मध्येच कुठेतरी एक डमी काडतूस घालून. कितवं ते तुम्हाला कळता कामा नये. चाप ओढल्यावर नुसतं खट् वाजेल तेव्हा पिस्तुलाचं तोंड कुठे जातं ते बघा.

माझी तीस वर्षं टूलरूममध्ये गेली, त्यामुळे मापात बोलायची खोड आहे, सांभाळून घ्या. एअर पिस्तुलाच्या पुढच्या साइटपासून, म्हणजे माशीपासून, मागच्या साइटच्या खाचेपर्यंत साधारण ३२ सेंटिमीटर. खाचेत माशी एक मिलिमीटर बाजूला झाली, की १० मीटरवर गोळी ३१ मिलिमीटर सरकते. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आणि टार्गेटचा सबंध काळा गोल ५९.५. म्हणजे मधोमध धरलेला नेम थेट काळ्याच्या काठावर. उलट माशी खाचेत बरोबर असेल आणि सगळा हातच एक मिलिमीटर सरकला, तर कागदावरही एकच मिलिमीटर. नवी मंडळी हात थरथरतो म्हणून रडकुंडीला येतात. थरथर परवडते हो. माशी तिरकी झालेली परवडत नाही, आणि ती तिरकी होते ती चापाला दिलेल्या हिसक्याने.

म्हणून पहिलं पिस्तूल निवडताना मी चाप बघतो. १० मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत चापाचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम लागतं, २५ मीटरच्या .२२ स्पोर्ट पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम. बंदोबस्ताच्या धाटणीची नऊ एमएम असतात त्यांचा चाप अडीच किलोच्या आसपास, आणि पिस्तूल स्वतः रिकामं पाऊण किलोचं. पाऊण किलोची वस्तू अडीच किलोने ओढायची आणि तिला हलू द्यायचं नाही. जमतं, जमणारे आहेत, पण शिकायची सुरुवात तिथून कशाला? शिवाय नऊ एमएमची गोळी साडेसात-आठ ग्रॅमची, .२२ ची २.६ ग्रॅमची. धक्क्यातला फरक मनगटाला विचारा.

मग मूठ. दुकानात हे करा: पिस्तूल रिकामं असल्याची खात्री दुकानदाराने करायची, मग तुम्ही स्वतः चेंबरमध्ये डोकावून करायची, त्यांनी केली तरी करायची. पिस्तूल कोणत्या भिंतीकडे रोखायचं ते विचारून घ्या. पिस्तूल धरा, डोळे मिटा, हात खांद्याइतका उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. माशी खाचेच्या मध्यात किंवा जवळपास दिसायला हवी. दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल तर ती मूठ तुमची नाही. मनगट वळवून ती मध्यात आणता येते, पण साठ गोळ्यांपर्यंत मनगट तसं राहत नाही. दुसरं, बोटाचं पहिलं पेर चापावर पोचलं पाहिजे आणि बाकीचं बोट मुठीच्या कडेला कुठेही टेकायला नको. लहान पंज्याला जाडजूड मॅगझिनचं नऊ एमएम दिलं, की हात आपोआप पुढे सरकतो आणि पिस्तुलाचा धक्का तळव्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर बसतो. तुमचा तिथे दुखतो का, सांगा.

ठोकमठोक यांचं एक बरोबर आहे, कंटाळा हा खरा शत्रू आहे. पण एअर म्हणजे फुगे हे काही पटत नाही. मॅच (स्पर्धेच्या) एअर पिस्तुलाचा पेलेट, म्हणजे छर्रा, सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जातो, म्हणजे .२२ च्या निम्म्याने. तो नळीत असतानाच हात ढिला सोडला तर कागदावर लगेच चुगली होते. धक्का नाही, आवाज नाही, त्यामुळे चुकीला आडोसाही नाही. तुम्हाला मुळमुळीत वाटलं ते हेच असेल, तिथे आपलंच आपल्याला दिसतं आणि ते सुरुवातीला फार मजेचं नसतं.

आणखी एक. मॅच एअर पिस्तुलांत बहुतेकदा ड्राय फायरची सोय असते, पेलेट न घालता चाप ओढता येतो. घरी कोऱ्या भिंतीसमोर पंधरा मिनिटं, समोर टार्गेटही नको, नुसती माशी आणि चाप. भिंतीवर ठिपका नसला की नजर माशीवरच राहते. माझा निम्मा सुधार त्या भिंतीने केला, बायको अजून विचारते भिंतीत काय दिसतं म्हणून. .२२ मध्ये हे असं रिकाम्या चेंबरवर करू नका. रिमफायर असल्याने फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, काडतूस नसेल तर चेंबरच्या तोंडावर. त्याचे स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतुसं, मिळतात, ते घाला, नाहीतर मॅन्युअलमध्ये चालेल असं लिहिलेलं असलं तरच करा.

तर माझं मत एअर. आवाज हवाच असेल तर .२२, आणि त्यात काडतुसाचं बघा: पाच प्रकारची थोडी थोडी आणा, टेकू देऊन मारा, ज्याचा घोळका लहान तेच घ्या. पिस्तुलांना आवडीनिवडी असतात. रुगर मार्क फोर, ब्राउनिंग बक मार्क, स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी ही सगळी पहिल्या .२२ साठी चांगली. मार्क फोर २०१६ ला आली, मागचं बटण दाबलं की वरचा भाग उलगडतो. हे सांगतोय कारण माझं पहिलं .२२ साफ करायला मी खोललं ते रविवारी सकाळी आणि जुळलं ते बुधवारी. एक स्प्रिंग तर फ्रिजखाली सापडली.

चष्मिष:

चाळिशीच्या पुढे आहात म्हणून मध्येच बोलते. माशी डोळ्यापासून साधारण मीटरभर लांब असते. वाचायचा चष्मा त्याच्यापेक्षा जवळचा आणि लांबचा चष्मा टार्गेटचा, दोन्हींत माशी पुसट. प्रोग्रेसिव्ह काचेत तर मान वरखाली करत बसाल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना अंतर मोजून न्या आणि नेम धरायच्या डोळ्यासाठी लांबच्या नंबरात थोडी भर घालून काच मागा. काळा जरा धूसर दिसला पाहिजे, माशीची कड सुरीसारखी. माझा पहिला हंगाम ‘मला जमत नाही’ म्हणण्यात गेला, आणि होती ती काच.

आणि डावा हात, पण डोळा कोणता? दोन्ही हात लांब करून पंज्यांत छोटी फट ठेवा, त्यातून दूरची वस्तू बघा, एकेक डोळा मिटा. ज्याने वस्तू दिसत राहते तो तुमचा. उजवा निघाला तर घाबरू नका, पिस्तुलात रायफलइतका अडसर होत नाही. दुसऱ्या डोळ्यापुढे पट्टी लावा, डोळा मिटू नका, मिटून गाल दुखायला लागतो. स्पर्धेच्या नियमात ती पट्टी ३० मिलिमीटरपर्यंत रुंद चालते.

ठोकमठोक:

पॅरिसला २०२४ मध्ये तुर्कस्तानचा युसुफ डिकेच एक हात खिशात घालून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, साध्या चष्म्यात रौप्य घेऊन गेला. काचा, पट्ट्या, सगळी नाटकं आहेत.

काळ्याखाली:

त्याच्या हातात एअर पिस्तूल होतं, तुमच्या फुग्यांचं.

खिशातला हात मात्र सगळेच घालतात हो, तो हात लोंबकळत राहिला तर खांदा हलतो.

उलटा_हात:

मीही डावखुरा. .२२ किंवा नऊ एमएम घेतलंत तर एक लक्षात ठेवा, रिकामी काडतुसं उजवीकडे उडतात, म्हणजे आपल्या छातीच्या बाजूला. गळ्यापर्यंत बंद शर्ट घाला. माझ्या कॉलरमध्ये एकदा तापलेलं काडतूस गेलं. भाजलं नखाएवढं, पण मी पिस्तुलासकट गर्रकन वळलो. कोचने मनगट धरलं म्हणून. पुढचा महिनाभर मला कोणी शेजारची लेन घेत नव्हतं, आणि बरोबरच होतं त्यांचं. काडतूस आत गेलं तर पिस्तूल समोर ठेवून भाजून घ्यायचं, हे आधी मनाशी ठरवून ठेवा.

एअरमध्ये ही भानगड नाही. मूठ मात्र डाव्या हाताचीच मागवा, ‘दोन्ही हातांना चालते’ असं म्हणतात ती कोणत्याच हाताला बसत नाही.

डावखुरी:

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी येतेय, कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं.

डमी घालून झालं. पहिल्या चार गोळ्या सुटल्या. पाचवीला चाप ओढला, खट्. आवाज नाही आणि पिस्तुलाचं तोंड चांगलं चार बोटं खाली, समोरच्या टेबलाकडे बघतंय. एवढंच नाही, माझे डोळेही मिटलेले होते, हे कोचनी सांगितलं. मला शपथेवर वाटत होतं की मी माशी बघतेय. त्यांनी आणखी तीनदा डमी घातलं, तीनही वेळा तेच. साइट बिचारी जागेवर आहे.

काळ्याखाली काका, हो, अंगठ्याचा सांधा दुखतो. मला वाटायचं तो सरावाचा भाग आहे.

मग क्लबमधल्या एका डावखुऱ्या मुलीचं एअर पिस्तूल मागून घेतलं. डावी मूठ, लहान मापाची, तळव्याखाली टेकू असलेली. डोळे मिटून हात उचलला, उघडले, तर माशी खाचेत. पहिल्या दहा गोळ्यांत दोन दहा, बाकी आठ-नऊ, एक पाच. त्या पाचाच्या वेळी चाप ओढताना काय केलं ते मला नीट आठवतं. नऊ एमएमच्या चाळीस गोळ्यांमधली एकही आठवत नाही. तर एअरच घेतेय. तसंच एक जुनं विकायला आहे, मूठही डावी. बघताना काय तपासू? आणि मूठ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात थोडी रुतते, ती पॉलिश पेपरने तासली तर चालेल का?

काळ्याखाली:

जुनं घेताना आधी हवेचा सिलिंडर बघा. त्यावर तारीख कोरलेली असते. २०० बार दाबाची हवा असते आत, आणि कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च धरूनच भाव करा, ‘अजून चांगला चालतो’ हे ऐकू नका. भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा उतरलेला असेल तर सील गेलंय. चापाचं वजन मोजून घ्या, ५०० ग्रॅमचं वजन चापाला अडकवून उचलून पाहायचं, चाप सुटायला नको. आणि पेलेट शिशाचे, हात धुतल्याशिवाय काही तोंडात घालू नका.

मुठीला इतक्यात पेपर लावू नका. तासलेलं लाकूड परत येत नाही. आधी महिनाभर मारा, हातही जागा शोधत असतो. तरीही रुतलं तर मुठीला खडू चोळा, एक सिरीज (दहा गोळ्या) मारा आणि हाताकडे बघा. जिथे खडू दाट उठला तेवढंच, १२० नंबरच्या पेपरने, दहा-बारा हात, मग पुन्हा खडू. एका बैठकीत कधीच नाही. मी पहिली मूठ एका रविवारी तासून पूर्ण केली होती. ती आता पेपरवेट आहे.

ठोकमठोक:

मीपण परवा मित्राला डमी घालायला सांगितलं. जास्त विचारू नका.

डावखुरी:

😄 काका, खडू मिळाला. लेकीच्या दप्तरातला, निळा.