चार विभागांत मिळून एक मास स्पेक्ट्रोमीटर: घ्यावा का?

सेंद्रिय रसायन, प्राध्यापिका
आमच्या विद्यापीठात रसायन, फार्मसी, जैवतंत्रज्ञान आणि पर्यावरण या विभागांनी मिळून एक क्यू-टॉफ एलसी-एमएस, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून रेणूंचं वस्तुमान अगदी अचूक मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर, घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आज नवं संयुग केलं की एचआरएमएससाठी, म्हणजे अचूक वस्तुमान मोजून घ्यायला, बाहेर पाठवायचं आणि रिपोर्टची वाट बघत बसायचं. बहुतेक जर्नल्सना वस्तुमान ५ पीपीएमच्या (दशलक्षात पाच भागांच्या) आत जुळलेलं लागतं, त्यामुळे पेपरही अडकतो. कार्बन मोनॉक्साइडचं वस्तुमान २७.९९४९ आणि नायट्रोजनचं २८.००६१ हा फरक एमएस्सीची मुलं फक्त फळ्यावर बघतात. त्यांनी तो पडद्यावर बघायला नको का?

उपकरण तंत्रज्ञ
आत्ता घेऊ नये. खरेदीला अनुदान मिळतं, पुढचं कोण बघणार? व्हॅक्यूम पंप रात्रंदिवस चालू लागतात. वीज गेली आणि यूपीएस दमला की पुन्हा व्हॅक्यूम धरण्यात दिवस जातो. नायट्रोजन जनरेटर, एसी, पंपाचं तेल, एएमसी (वार्षिक देखभाल करार) हे सगळं वेगळंच. त्यात कुणीतरी फॉस्फेट बफरमधलं सॅम्पल तसंच लावतं. फॉस्फेट उडून जात नाही, सोर्सवर (सॅम्पलचे आयन तयार होतात त्या भागावर) पांढरा थर धरतो आणि चारही विभागांचं काम ठप्प होतं. अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेला मुलगा हे सगळं शिकतो आणि फार्मा कंपनीत निघून जातो. तो थांबेल तरी कशाला?

पीएचडी विद्यार्थिनी
सर, खर्चाचं पटतं. पण माझं इंटरमीडिएट, म्हणजे प्रक्रियेतलं मधल्या टप्प्याचं संयुग, कुरिअरमध्ये टिकतच नाही. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलं की टीएलसीवर (घटक वेगळे दाखवणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) दुसरा स्पॉट दिसायला लागतो. म्हणजे बाहेरून रिपोर्ट येतो तो विघटन झालेल्या मालाचा. अशा कामाला मशीन आवारातच लागतं.

संलग्न महाविद्यालयातील शिक्षक
‘सामाईक’ म्हणून घेतलेल्या मशीनची किल्ली शेवटी एकाच विभागात राहते, हे आम्ही बघत आलोय. बाहेरच्यांसाठी आयआयटी मुंबईची सैफ ही सामाईक उपकरणांची सुविधा आहेच. शिकवायचंच असेल तर साधा सिंगल क्वाड्रुपोल जीसी-एमएस घ्या, म्हणजे सॅम्पलची वाफ करून घटक वेगळे करणारा आणि पूर्णांकापर्यंतच वस्तुमान दाखवणारा. मुलांना लवंगेचं तेल लावू दे. त्यातल्या युजेनॉलचा १६४ आणि कॅरियोफायलिनचा २०४ हे वस्तुमानाचे आकडे त्यांना स्वतः शोधता येईल. एवढ्यावर प्रॅक्टिकल उत्तम होतं.

प्राध्यापिका
शिकवण्यापुरतं मान्य. पण पेप्टाइड किंवा न उडणारी औषधं जीसीत जातच नाहीत, त्यामुळे फार्मसी आणि जैवतंत्रज्ञानाला त्याचा फारसा उपयोग नाही. एएमसी पाच वर्षांची, तीही टेंडरमध्येच धरू. मशीन आय-स्टेम या देशभरातली उपकरणं नोंदवण्याच्या सरकारी पोर्टलवर नोंदवू, म्हणजे किल्लीचा प्रश्न उघड्यावर येईल. बाहेरच्या सॅम्पलचं शुल्क देखभालीच्या खात्यातच जमा झालं पाहिजे.

तंत्रज्ञ
शुल्कातून पगार निघत नाही, मॅडम. ऑपरेटरचं कायम पद मंजूर झाल्याचं पत्र आधी दाखवा. त्याशिवाय टेंडरला माझा विरोध राहील.

महाविद्यालयातील शिक्षक
आणि त्या पत्रासोबत संलग्न कॉलेजांचे आठवड्याचे स्लॉटही लेखी द्या. नुसत्या तोंडी शब्दावर आमची मुलं दारातच उभी राहतील.