गेममध्ये पद्मिनी नको, जिप्सी द्या (आणि नॅनो तर मुळीच नको)

कार्बुरेटर_डिचोली

काल आपल्याच ग्रुपवर कुणीतरी यादी टाकली: 'फोर्झा होरायझन या रेसिंग गेममध्ये आल्याच पाहिजेत अशा 10 भारतीय गाड्या'. अँबेसेडर, पद्मिनी, नॅनो, काळी-पिवळी टॅक्सी (म्हणजे परत पद्मिनीच), रिक्षा, 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला ट्रक, बुलेट वगैरे. होरायझनमध्ये दुचाकी नसतात हेही यादीवाल्याला ठाऊक नाही. खाली लाइकांचा पाऊस, 'बालपण आठवलं', बदाम, रडके चेहरे. ही गाड्यांची यादी आहे की कळंगुटच्या दुकानातले फ्रिजला चिकटवायचे मॅग्नेट?

रेसिंग गेमसाठी गाडी मागताना मी एकच गोष्ट बघतो. ही गाडी कधी कुणी जीव तोडून पळवली का? पळवली असेल तर तिच्यात काहीतरी आहे. नसेल तर ती म्युझियममध्ये ठेवा, मी तिकीट काढून बघायला येतो.

जिप्सी घ्या. 1985 ला आली तेव्हा 970 सीसी. 1996 ला किंग आली, 1.3 लिटरची. पुढे एमपीएफआय (कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन) झाल्यावर 80 बीएचपी, आणि वजन हजार किलोच्या आत. चारी चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा, त्यामुळे खड्ड्यात गाडी उडते आणि उतरताना मागचं ढुंगण आपल्या मर्जीने कुठेही जातं. भारतात रॅली म्हटलं की वर्षानुवर्षं हीच. रेड-द-हिमालयमध्ये हीच, के-1000 मध्ये हीच. खाणी बंद पडल्या त्या वर्षी आमच्याकडच्या रिकाम्या हॉल रोडवर (खाणीच्या ट्रकांचा रस्ता) मी माझी जिप्सी चालवली आहे. तांबडी माती, दुसरा गिअर, स्टेअरिंग उलटं. ते गेममध्ये करायला मिळालं तर मी दुसरी गाडी हातात घेणार नाही.

माझी यादी: जिप्सी किंग, होंडा सिटी व्हीटेक (2000 ते 2003 वाली, नंतरची नव्हे), पालिओ 1.6, एस्टीम, जुनी झेन. बस.

फियाटवाला_म्हापसा

ती यादी मी टाकली होती. नाव घ्यायला लाज वाटली का रे?

'जीव तोडून पळवली का' म्हणे. माझे बाबा जुन्या जीडीए नंबरची फियाट टॅक्सी चालवायचे, म्हापशाचा जीए 03 यायच्या आधीपासून. मे महिन्यात बेळगावचं भाडं, गाडीत सहा माणसं, टपावर ट्रंका. अनमोडचा घाट अर्धा चढला की पेट्रोल पंपातच उकळायचं आणि गाडी बंद. व्हेपर लॉक. मग मी खाली उतरायचो, बाटलीतल्या पाण्यात फडकं भिजवायचो आणि पंपावर गुंडाळून धरायचो. वाफ निघायची, बोटं भाजायची. दहा मिनिटांनी बाबा चोक ओढून स्टार्टर मारायचे. फडकं पंपावर तसंच ठेवून रामनगरपर्यंत. ही शर्यत नव्हती तर काय होतं? तुझ्या हॉल रोडवर रविवारी रिकाम्या गाडीने मजा मारणं म्हणजे जीव तोडणं?

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निघाली तेव्हा अख्ख्या शहराने तिचे फोटो काढले. जिप्सी बंद झाली तेव्हा कोण रडलं?

कार्बुरेटर_डिचोली

लष्कर रडलं.

आणि भाऊ, गाडी घाटात बंद पडते हा तुमचा मुद्दा मी माझ्याच बाजूने धरतो. गेममध्ये कंट्रोलरवर 'फडकं भिजवा' असं बटण देणार काय?

फियाटवाला_म्हापसा

दिलं तर मी तरी दाबीन.

नाइट_शिफ्ट_वेर्णा

दोघेही हवेत बोलताय. गाडी हवी म्हणून येत नाही, लायसन लागतं. पोर्शचे गेममधले हक्क वर्षानुवर्षं ईए या गेम कंपनीकडे होते, म्हणून ग्रान तुरिस्मो या दुसऱ्या रेसिंग गेममध्ये पोर्शऐवजी रूफ (पोर्शवरूनच गाड्या बनवणारी छोटी जर्मन कंपनी) चालवावी लागायची. ते 2016 अखेर सुटलं, मग पुढच्या वर्षी ग्रान तुरिस्मो स्पोर्टमध्ये पोर्श आली. होरायझन 4 आली 2018 ला. करार संपले आणि 2024 च्या डिसेंबरात अख्खा गेम दुकानातून काढून टाकला. आज तो नव्याने विकत घेता येत नाही. त्यात एका गाडीचं मॉडेल करायला एका माणसाचे सहा महिने जातात, असं ग्रान तुरिस्मोवालेच सांगत आलेत.

म्हणजे तुमच्या गाडीवर सही करायला जिवंत कंपनी हवी आणि सहा महिने घालवायला कारण हवं. सुझुकी या गेमांमध्ये आधीपासून आहे. ग्रान तुरिस्मो 2 मधली एस्कुडो पाइक्स पीक आठवते? तीही सुझुकीचीच. मुळात जिप्सी म्हणजे सुझुकीच्या जुन्या जिम्नीचा लांब केलेला अवतार. पद्मिनीसाठी कुणाचं दार ठोठावणार? म्हणून मत कार्बुरेटरला. त्याचा बोलण्याचा सूर मात्र अजिबात आवडला नाही.

शिवोलीची_सून

जिप्सीबिप्सी राहू द्या. माझी विनंती एकच, गेममध्ये थार घाला. भरपूर घाला. काळी पाटी, पिवळी अक्षरं (म्हणजे भाड्याची), छत उघडं, वर चार जण उभे, 'लाला लाला' ओरडत. म्हणजे ज्यांना ते करायचंय ते आपापल्या दिल्ली-हैदराबादच्या घरी सोफ्यावर बसून करतील आणि आमची गल्ली मोकळी राहील.

आमच्या वाड्यावरचा रस्ता एवढा अरुंद की समोरून पाववाला पोदेर सायकलवर आला तरी एकाने कडेला व्हावं. गेल्या डिसेंबरात रात्री दोनला एकाने मॅपवर बघत गाडी आत घातली, वळवता येईना म्हणून रिव्हर्स मारली आणि आमचा गडगा दीड मीटर आडवा. सासूबाई बलकांवावर येऊन बघतात तर तो खाली उतरून गाडीचा बंपर तपासतोय! भिंतीकडे एकदा तरी बघायचं.

काळी_पाटी_हणजूण

वहिनी, तुमच्या गडग्याचं वाईट वाटलं. पण सगळे रेंटवाले एका माळेचे मणी नाहीत. माझ्याकडे दोन थार आहेत, दोन्ही हप्त्यावर. पावसाचे चार महिने त्या शेडमध्ये उभ्या असतात आणि हप्ता काही पावसाळी सुट्टी घेत नाही.

आणि नुकसान फक्त तुमचंच होतं असं वाटतं का? पहाटे सव्वातीनला फोन: 'भैया, गाडी थोडी फँस गयी है.' थोडी म्हणजे मोरजीच्या वाळूत ॲक्सलपर्यंत. वर भरती चढतेय. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, चावी देताना मी सांगतो, कागदावर सही घेतो. गेलो तर साहेब मलाच विचारतात, 'फोर-बाय-फोर है ना ये?' गाडी मागच्या चाकांची होती! बुकिंगमध्ये लिहिलं होतं, वाचलं कुणी? होड्यांचा दोर लावून पंधरा रापणकार मच्छीमारांनी ओढली. तोवर खारं पाणी डिफरन्शियलमध्ये गेलं होतं. तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. डिपॉझिट संपलं दोरवाल्यांच्या चहापाण्यात आणि पोलिसांच्या चलनात.

शिवोलीची_सून

ती जागा कासवांची आहे. नोव्हेंबरपासून तिथे घरटी असतात. तुम्हाला डिफरन्शियलची पडलीय.

काळी_पाटी_हणजूण

मी घातली का गाडी तिथे?

शिवोलीची_सून

चावी कुणी दिली?

काळी_पाटी_हणजूण

मग सुरी विकणाऱ्याला पण धरा. तुमच्या वाड्यावर किती घरांत 'रूम्स अव्हेलेबल'चे बोर्ड आहेत ते मोजून सांगा आधी. पर्यटक तुमच्याकडे झोपतो तेव्हा पाहुणा, माझ्याकडून गाडी घेतो तेव्हा राक्षस?

शिवोलीची_सून

आमच्या घरावर बोर्ड नाही. शेजारी आहे. (दीराचा आहे. पण तो वेगळा विषय.)

घाटवाट

आता कुणी टॅक्सीवाले विरुद्ध ॲप हा विषय काढू नका, हात जोडतो. तो निघाला की धागा पुढच्या चतुर्थीपर्यंत चालेल.

कार्बुरेटर_डिचोली

मी गेमबद्दल धागा काढला होता. गे म. खाली बघतो तर पंधरा रापणकार, कासवं आणि दीर.

पालिओ_अजून_चालते

परत विषयावर आणतो. कार्बुरेटरच्या यादीत पालिओ बघून डोळे पाणावले. 2012 ला पर्रीकरांनी पेट्रोल लिटरमागे 11 रुपयांनी उतरवलं आणि त्याच आठवड्यात मी जुनी 1.6 घेतली. घरचे म्हणाले, आता परवडेल. पेट्रोल पुन्हा चढलं, पालिओची तहान तेवढीच राहिली. पण काय गाडी! 100 बीएचपी, जड स्टेअरिंग, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. चोर्ल्याच्या वळणांवर मागे लागलेल्या नव्या नव्या गाड्या आरशात लहान होत गेलेल्या मी पाहिल्यात. सचिनच्या नावाची एस10 निघाली होती, ती गेममध्ये आली तर ब्रायन लाराला घ्यायला लावा शर्यतीत.

पार्ट मिळत नाहीत, हे मात्र खरं. एका दाराच्या हँडलसाठी मी कोल्हापूरला जाऊन आलोय. गेममध्ये पार्ट शोधावे लागणार नाहीत, माझं मत त्याच एका कारणासाठी.

भाटातलो_नातू

तुम्ही सगळे अलीकडचेच बोलताय. गोव्याच्या खऱ्या गाड्या म्हणजे पोर्तुगीज काळातल्या. आजोबा सांगायचे, खाणवाल्यांच्या दारात मर्सिडीज, ओपेल उभ्या असायच्या, तिकडे भारतात लोक अँबेसेडरसाठी नंबर लावून बसलेले. त्या सगळ्या डाव्या स्टेअरिंगच्या, गेममध्ये तशाच द्यायच्या.

नाइट_शिफ्ट_वेर्णा

सगळ्या डाव्या स्टेअरिंगच्या कशाला असतील? पोर्तुगालने 1928 ला रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोवा, मकाव आणि मोझांबिक डावीकडेच राहिले, कारण शेजारी सगळे डावीकडून चालणारे. डावीकडून चालायचं तर स्टेअरिंग उजवीकडेच सोयीचं. आजोबांच्या गजाली छान आहेत, पण स्टेअरिंगची बाजू तपासून घ्या.

भाटातलो_नातू

फोटो शोधतो.

भाटातलो_नातू

फोटो मिळाला. स्टेअरिंग उजवीकडे आहे. बरं.

बीसीए_दुसरं_वर्ष

काका लोक, तुम्ही मागत बसा. असेट्टो कोर्सा या गेममध्ये मॉड (लोकांनी स्वतः बनवलेल्या गाड्या) टाकता येतात, कुणाच्या सहीची वाट बघायची गरज नाही. माझा एक मित्र बस सिम्युलेटर इंडोनेशियामध्ये कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी बसच्या) रंगाची बस चालवतो, आत 'सुटे पैसे द्यावेत' पण लिहिलंय.

आणि फोर्झाच हवी असेल तर होरायझन 6 जपानात आहे. तिथे मारुती 800 मागा, ती दोघांपैकी कुणाच्याच यादीत नाही! जपानात त्या काळी केई (छोट्या) गाडीला 550 सीसीची मर्यादा होती. बाहेरच्या देशांसाठी तीच आल्टो 796 सीसीची झाली आणि आपल्याकडे 1983 ला 800 म्हणून आली. म्हणजे ती जपानचीच, लांब जाऊन परत आलेली. 12 इंची चाकं, तीन सिलिंडर. टोकियोच्या गल्लीत ती जिथे घुसेल तिथे तुमची सिटी व्हीटेक आरसे वाचवत बसेल.

कार्बुरेटर_डिचोली

पोरगा अक्कल घेऊन आलाय. 800 विसरलो, चूक माझी. गाडी शिकलो त्याच गाडीवर, आणि तिलाच विसरलो.

फियाटवाला_म्हापसा

त्याने सांगितलं की लगेच चूक कबूल. मी चार तास बोलतोय ते फ्रिज मॅग्नेट.

कार्बुरेटर_डिचोली

बरं, ऐका. पद्मिनीत एक गोष्ट आहे. जुन्या गाड्यांचा स्टेअरिंगवरचा गिअर. पुढे सलग सीट, तीन माणसं, आणि ड्रायव्हरचा डावा हात स्टेअरिंगमागून तो दांडा वर ओढतो, खाली ढकलतो. ते ॲनिमेशन कुणी नीट केलं तर मी एकदा चालवीन. एकदा. नॅनो तरीही नको.

फियाटवाला_म्हापसा

उपकार झाले, पात्रांव.

बीसीए_दुसरं_वर्ष

फियाटवाले काका, तुमच्याकडे गाडी अजून आहे का? मला आवाज रेकॉर्ड करायचाय, मॉडसाठी. चोक, स्टार्टर, उभ्या गाडीत चालणारं इंजिन, गिअरची खटखट. नेटवर आहेत त्यात मागे गाणी वाजतायत.

फियाटवाला_म्हापसा

आहे. माडाखालच्या शेडमध्ये. बाबा गेल्यापासून कुणी चालू केली नाही. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. बॅटरी मेलेली आहे, नवी घ्यायला मन होत नाही एवढ्यासाठी.

कार्बुरेटर_डिचोली

रविवारी सकाळी येतो, माझ्या जिप्सीची बॅटरी काढून आणतो. जंप केबल नको. पेट्रोल पूर्ण काढून टाक आधी, डबक्यासारखं झालं असेल. कार्बुरेटर मी साफ करून देतो, नाव उगाच नाही लावलं.

बीसीए_दुसरं_वर्ष

मी पण येतो. माइक आहे.

काळी_पाटी_हणजूण

म्हापशाला कुणाला सोडायचं असेल तर सांगा, रविवारी एक थार रिकामी आहे.

शिवोलीची_सून

चालत जा म्हणावं.

फियाटवाला_म्हापसा

या. नाश्ता आमच्याकडे. फडकं मी भिजवून ठेवतो.