मदत हवी आहे: प्रोसेसर आय७-३७७० घेऊ का आय५-४५९०? बजेट १५ हजार, मुक्काम सांगली

मंडळी नमस्कार,

जुन्यातला पीसी जुळवायचाय, गेमिंगसाठी. सगळं मिळून १५ हजार, त्याच्या वर एक रुपया पण नाही, कारण पैसे मी आणि धाकट्या भावानं मिळून साठवलेत आणि घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. मॉनिटर आहे, १९ इंची, १३६६ बाय ७६८ चा, ६० हर्ट्झ. कॅबिनेट आहे, २४० जीबीची एसएसडी पण आहे.

गणपती पेठेजवळ एक ओळखीचे दुकानदार आहेत, त्यांच्याकडं दोन सेट पडलेत. एक आय७-३७७०, सोबत एच६१ मदरबोर्ड (बोर्ड नवीन, कुठल्यातरी लोकल कंपनीचा) आणि ८ जीबी रॅम, साडेपाच हजार. दुसरा आय५-४५९०, बी८५ बोर्ड, तेवढीच रॅम, पाच हजार आठशे. म्हणजे आय७ स्वस्त आणि आय५ महाग, हे गणितच मला कळंना. दुकानदार म्हणतोय आय७ म्हणजे आय७, डोळे झाकून घे. भाऊ पण तेच म्हणतोय, पण त्याला मित्रांत सांगायला आय७ पाहिजे, बाकी काय नाय.

मी वाचलं ते असं की ३७७० ला ४ कोर ८ थ्रेड (थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं), ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट, २०१२ चा. ४५९० ला ४ कोर ४ थ्रेड, ३.७ पर्यंत बूस्ट, २०१४ चा. मग ८ थ्रेडवालाच भारी नाही का? जीटीए ५, काउंटर-स्ट्राइक २ (सीएस २), व्हॅलोरंट एवढंच खेळणार, पुढं मागं एखादी नवीन गेम टाकून बघू. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० जुन्यात बघतोय. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) घरातलाच वापरीन म्हणतो, त्यावर ४५० वॅट लिहिलंय.

प्रतिसाद १:
३७७० घे भावा, विषय संपला. आमच्याकडं साताऱ्यात मित्राकडं हाच आहे, १६५० लावलाय, जीटीए ५ मख्खन चालतंय. आणि गेम चालू असताना मागं डिस्कॉर्ड, ब्राउझर उघडं ठेवलं की ४ थ्रेडवाल्याची दमछाक होते, मधेमधे झटके मारतो. ८ थ्रेडला ते होत नाही.

प्रतिसाद २:
वरच्या दादांचं झटक्यांचं म्हणणं बरोबर आहे पण नुसता प्रोसेसर बघून चालत नाही ओ, मी मिरजेत रिपेअरिंगच करतो म्हणून सांगतो. आय५ चा सेट महाग का, तर बोर्डामुळं. एच६१ ला रॅमचे दोनच स्लॉट, १६ जीबीच्या वर जात नाही, साटा (एसएसडी जोडायची जागा) पण जुनं, सेकंदाला ३ गिगाबिटवालं, म्हणजे तुमची एसएसडी अर्ध्या ताकदीनं पळणार (तरी हार्डडिस्कपेक्षा बरीच, ते सोडा). बी८५ ला साटा ६ गिगाबिटवालं मिळतं, आणि बऱ्याच बोर्डांवर रॅमचे चार स्लॉट असतात. शिवाय ते लोकल एच६१ बोर्ड, त्यांचं बायोस (बोर्डातलंच सॉफ्टवेअर) अपडेट शोधत बसा, कुठं मिळत नाही.

दुसरं, ४५९० म्हणजे हॅसवेल पिढीचा, त्यात एव्हीएक्स२ (प्रोसेसरला कळणाऱ्या जास्तीच्या सूचना) आहे. ३७७० मध्ये फक्त एव्हीएक्स. तुमच्या आत्ताच्या तिन्ही गेमला काही फरक नाही, पण "पुढं मागं एखादी नवीन गेम" म्हणालात ना, तिथं अडकायला होतं. काही नव्या गेम एव्हीएक्स२ नसेल तर उघडतच नाहीत, मग थ्रेड ८ असू देत नाहीतर ८०.

आणि मुख्य म्हणजे ११५५ सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) ३७७० हे शेवटचं स्टेशन. के वाला (३७७०के) सोडला तर त्याच्या पुढं फारसं काही नाही. ४५९० च्या जागी मात्र उद्या आय७-४७७० किंवा झिऑन ई३-१२३१ व्ही३ बसतो, त्याच बोर्डावर, तेव्हा ८ थ्रेड पण मिळाले आणि एव्हीएक्स२ पण. झिऑनला ग्राफिक्स आत नसतं एवढं लक्षात ठेवा, कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी.

प्रतिसाद ३:
२०१२ चा काय आणि २०१४ चा काय, दोन्ही भंगार. थोडे थांबून रायझन ५ २६०० आणि बी४५० बघा. विंडोज ११ अधिकृत चालेल, पुढं ५००० सिरीज टाकता येईल.

धागाकर्ता:
@प्रतिसाद ३ दादा पटतंय, पण डीडीआर४ रॅमचे भाव बघितले का सध्या? १५ हजारात कार्ड राहतंय बाहेर.

@प्रतिसाद २ एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. मग विंडोजचं काय करायचं? आणि कार्ड कुठलं?

प्रतिसाद २:
विंडोज ११ ला दोन्ही प्रोसेसर अधिकृत बसत नाहीत, इंटेलचा ८ व्या पिढीपासून पुढचा लागतो. जुगाड करून टाकता येतं पण व्हॅलोरंट ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची फीचर मागतो, तिथं फसाल. १० वरच रहा. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्या मशीनवर बँकेची कामं नकोत.

कार्ड १६५०. १०५० टीआय पास्कल पिढीचा, त्याचे नवे गेम ड्रायव्हर एनव्हिडियानं बंद केलेत, आता नुसते सिक्युरिटीवाले येतात. आरएक्स ६४०० स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, त्याला बोर्डाशी डेटा ने-आण करायला चारच लेन, जुन्या बोर्डावर मार खातो.

जीटीए ५ चं पण एक आहे. २०१५ च्या जुन्या आवृत्तीला आय५-३४७० रेकमेंडेड होता, दोन्ही त्याच्या वर. नवीन एनहान्स्ड आवृत्तीला मात्र मिनिममलाच आय७-४७७० लिहिलंय, जुनीच टाका. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, त्याच्या पुढचे फ्रेम दिसणारच नाहीत, त्यामुळं सीएस २ आणि व्हॅलोरंटला ४५९० पुरतो. गेम खेळताना ब्राउझर बंद करा, झालं.

धागाकर्ता:
मग बी८५ वालाच फायनल करतो, भावाला समजावायचं बघू कसं ते. घेताना काय तपासू?

प्रतिसाद २:
प्रोसेसर काढून सॉकेटच्या पिना उजेडात बघा, एक जरी वाकलेली असली तरी सेट परत. पेनड्राइव्हवर सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) न्या, मॉडेल ४५९० आणि खाली एव्हीएक्स२ लिहून आलं पाहिजे. रॅम ८ ची एकच काडी देत असतील तर ४-४ च्या दोन मागा, ड्युअल चॅनेलनं (दोन काड्या एकदम चालल्यानं) गेममध्ये फरक पडतो. आणि तो घरातला एसएमपीएस, त्याच्या लेबलवर १२ व्होल्टला किती अँपिअर आहे ते बघून इथं टाका. लोकलवर ४५० लिहितात, निघतात निम्मे. आपल्याकडं उन्हाळ्यात व्होल्टेज कसं नाचतं ते तुम्हाला माहितीच आहे. १६५० बिना ६ पिनचा (वेगळी वीज-वायर न लागणारा) शोधा, तो ७५ वॅटमध्ये चालतो.

धागाकर्ता:
लेबल बघितलं, १२ व्होल्टला १६ अँपिअर.

प्रतिसाद २:
म्हणजे १९२ वॅट. लेबल खरं असेल तर ८४ वॅटचा प्रोसेसर आणि ७५ चं कार्ड काठावर बसतं, पण मी लावणार नाही. दीड-दोन हजार बाजूला काढून नावाजलेल्या कंपनीचा नवा घ्या, कार्ड पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालेल. तोपर्यंत प्रोसेसरच्याच ग्राफिक्सवर व्हॅलोरंट लो सेटिंगला चालवा.